अ‍ॅक्वेरियस : समुद्रतळावरील अंतराळ-प्रशिक्षणाचे परीक्षण

अंतराळवीरांना उड्डाणापूर्वी पृथ्वीवरच्या एखाद्या कठीण जागी राहायला लावून तयार करणाऱ्या सोयी आता जगभर उभ्या राहिल्या आहेत. वाळवंटातले घुमटाकार निवास आहेत, ज्वालामुखीच्या उतारावरची केंद्रे आहेत, मॉस्को आणि ह्यूस्टन येथे इमारतींच्या आत बांधलेली मंगळघरे आहेत, आणि पैसे भरून सामान्य माणसालाही आठवडा-दोन आठवडे राहता येईल अशा काही जागाही आहेत. यांची ओळख बहुतेकांना छायाचित्रांतून होते : लाल माती, फुगीर पोशाख, पाठीवर हवेची पेटी आणि क्षितिजापर्यंत एकही झाड नाही. पण अशा सेवेची पारख दृश्यावरून करू नये असे माझे ठाम मत आहे. जागा मंगळासारखी दिसते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. आत गेलेल्या माणसाला नकोसे झाले, तो आजारी पडला किंवा एखादे यंत्र बंद पडले, तर त्याला किती वेळात बाहेर पडता येते, हा पहिला प्रश्न. दार उघडून पाच मिनिटांत मोटारीत बसता येत असेल, तर आत कितीही शिस्त पाळली तरी मनाला ते ठाऊक असते, आणि मनाला ठाऊक असलेली गोष्ट वर्तनात उतरतेच.

या कसोटीवर मला सर्वांत सरस वाटलेली सोय अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, की लार्गो बेटासमोरच्या काँक रीफ या प्रवाळ-खडकाजवळ, समुद्राच्या तळावर आहे. तिचे नाव अ‍ॅक्वेरियस. सागरी संशोधनासाठी बांधलेल्या या पाण्याखालच्या निवासात नासाने ऑक्टोबर २००१ पासून आपल्या अंतराळवीरांना पाठवायला सुरुवात केली. ‘नासा एक्स्ट्रीम एन्व्हायर्नमेंट मिशन ऑपरेशन्स’ या लांबलचक नावाचा ‘नीमो’ असा संक्षेप रूढ झाला आणि जून २०१९ पर्यंत ही मालिका २३ व्या क्रमांकाच्या मोहिमेपर्यंत पोहोचली. या निवासात राहण्याची संधी मोजक्याच लोकांना मिळते आणि मी त्यांपैकी नाही; हे परीक्षण नासाने आणि निवास चालवणाऱ्या विद्यापीठांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींवर आणि तिथे राहून आलेल्यांच्या कथनावर आधारलेले आहे.

निवासाचा इतिहास थोडक्यात सांगतो. टेक्सासमधील व्हिक्टोरिया येथे १९८६ मध्ये तो बांधला गेला. आरंभी तो कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटाजवळ होता. १९८९ मध्ये त्या भागाला ह्यूगो चक्रीवादळाचा तडाखा बसल्यावर त्याला बाहेर काढून दुरुस्त करण्यात आले आणि १९९३ पासून तो सध्याच्या जागी आहे. अमेरिकी सरकारच्या सागर व हवामान विभागासाठी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन शाखेने तो अनेक वर्षे चालवला, आणि २०१३ पासून ही जबाबदारी फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीकडे आहे.

आतली जागा किती, हे आधी डोळ्यांपुढे आणले पाहिजे. जाड पोलादाचे सुमारे १४ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असे हे नळकांडे आपल्या एसटीच्या बसपेक्षा थोडेसे लांब आहे, आणि त्यात सहा माणसे दिवसचे दिवस राहतात, जेवतात, झोपतात आणि काम करतात. झोपण्यासाठी एकावर एक अशा सहा फळ्या आहेत, मधल्या भागात टेबल, स्वयंपाकाचा छोटा ओटा आणि उपकरणे आहेत, आणि एका टोकाला ओल्या कामासाठीचा व्हरांडा आहे. या व्हरांड्याच्या तळाला उघडे भोक आहे. त्याला झाकण लावण्याची गरज पडत नाही, कारण आतल्या हवेचा दाब तिथल्या पाण्याच्या दाबाइतकाच ठेवलेला असतो आणि पाणी तिथेच थांबते. वीज, हवा आणि संदेश या गोष्टी पृष्ठभागावर तरंगणाऱ्या एका मोठ्या बोयावरून नळ्या आणि तारांच्या जुडग्याने खाली येतात. की लार्गोच्या किनाऱ्यावर मोहिमेच्या काळात चोवीस तास पाळत ठेवणारे पथक असते.

या सेवेचा गाभा त्या दाबात आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. निवास ज्या वाळूवर उभा आहे ती पृष्ठभागापासून सुमारे १९ मीटर खाली आहे, आणि आतल्या हवेचा दाब जमिनीवरच्या हवेच्या साधारण अडीच पट आहे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग केलेल्या वाचकांना प्रशिक्षकाने सांगितलेला नियम आठवेल : जितके खोल जाल आणि जितका वेळ राहाल, तितका जास्त नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि वर येताना तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. अ‍ॅक्वेरियसच्या तळाएवढ्या खोलीवर साध्या पाणबुड्याला साधारण तासाभरात वर निघावे लागते. पण तोच माणूस तिथेच राहिला, तर सुमारे एका दिवसात त्याचे शरीर नायट्रोजनने पूर्ण भरून जाते आणि त्यानंतर अधिक काही विरघळत नाही. मग तो तिथे दोन दिवस राहो की दोन आठवडे, परत येण्याची किंमत तेवढीच राहते. याला सॅच्युरेशन डायव्हिंग म्हणतात, आणि त्याचा फायदा असा, की निवासात मुक्काम असलेला माणूस दिवसातले कित्येक तास बाहेर समुद्रतळावर काम करू शकतो.

परतीची ती किंमत मात्र जबर आहे. मोहीम संपली की निवासाचे दार बंद करून आतला दाब १६-१७ तासांत हळूहळू उतरवला जातो. सुरुवातीला मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन घेतला जातो, मग रात्रभर पडून राहायचे, आणि दाब जमिनीइतका झाला की थोड्या वेळासाठी पुन्हा दाबात येऊन लगेच पोहत वर जायचे. हा विधी टाळून कुणी घाबरून सरळ वर गेला, तर रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजनचे बुडबुडे होऊन अर्धांगवायू किंवा मृत्यू ओढवू शकतो. डोक्यावर काही मीटरवर सूर्यप्रकाश दिसतो, होडीचा तळ दिसतो, पण तिथे जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून सोयुझ यान सुटले की साधारण साडेतीन तासांत ते कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर उतरते. अ‍ॅक्वेरियसमधल्या माणसाला उजेडात यायला त्याच्या चौपटीहून अधिक वेळ लागतो. पृथ्वीवर राहून पृथ्वीपासून इतके दूर असण्याची सोय दुसऱ्या कुठल्या जागी इतक्या थोड्या खर्चात आणि इतक्या थोड्या दिवसांत मिळेल, मला माहीत नाही.

या परिस्थितीचा माणसावर होणारा परिणाम अंतराळवीरांच्या कथनांत पुन्हा पुन्हा येतो. साधा पाणबुड्या अडचणीत सापडला की त्याचे शरीर आपोआप वर धाव घेते. इथे ती धाव दाबून ठेवावी लागते आणि अडचण जिथे आली तिथेच सोडवावी लागते. म्हणून तळावर सगळीकडे मार्गदर्शक दोर बांधलेले आहेत. पाणी गढूळ झाले किंवा अंधार पडला तर दोर हातात धरून निवासाकडे परतायचे. हवा कमी पडली तर घुमटाखाली हवा साठवलेली आसऱ्याची ठिकाणे आहेत. मोहिमेआधी सुमारे आठवडाभर हे सगळे अंगवळणी पाडून घेतले जाते. स्पेसवॉकच्या वेळीही, म्हणजे यानाबाहेर पडून अंतराळात काम करताना, अगदी असाच विचार करावा लागतो : आधी स्वतःला बांधून घ्या, मग हात सोडा, श्वास जपून वापरा, जोडीदार कुठे आहे याचे भान एक क्षणही सोडू नका.

ह्यूस्टनजवळ नासाचा न्यूट्रल बॉयन्सी लॅबोरेटरी हा प्रचंड तलाव आहे, ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल, आणि त्यात स्थानकाच्या भागांच्या प्रतिकृतींवर स्पेसवॉकची तालीम होते. तांत्रिक सरावासाठी त्या तलावाला तोड नाही आणि त्याची जागा अ‍ॅक्वेरियस घेऊ शकत नाही. पण तिथे सुरक्षा-पाणबुडे सतत आजूबाजूला असतात, आणि सराव संपला की अंतराळवीर संध्याकाळी घरी जेवायला जातो. अ‍ॅक्वेरियसमध्ये सराव संपल्यावर ओल्या अंगाने त्याच सहा जणांच्या गर्दीत परतावे लागते, ओलसर हवेत पोशाख वाळत घालावा लागतो, पाण्यात मिसळून खायचे कोरडे अन्न खावे लागते, आणि दिवसाचा अहवाल लिहून दुसऱ्या दिवसाचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक समजून घ्यावे लागते. दाटलेल्या हवेत आवाज चिरका होतो, शीळ घालता येत नाही, आणि ऑक्सिजनचा दाब वाढलेला असल्यामुळे उघडी ज्योत निषिद्ध असते. कामाचा ताण आणि राहण्याची अडचण यांना वेगळे करता येत नाही, ही या प्रशिक्षणाची खरी ताकद आहे.

बाहेरच्या कामांचा दर्जाही उत्तम आहे. पोशाखाला जोडलेली वजने कमी-जास्त करून पाण्यात चंद्राचे एकषष्ठांश किंवा मंगळाचे जवळजवळ तीन-अष्टमांश गुरुत्व निर्माण करता येते. मे २०१० मध्ये कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांच्या नेतृत्वाखालच्या १४ व्या मोहिमेत पाठीवरच्या संचाचा गुरुत्वमध्य कुठे असला तर माणूस सहज चालतो, वाकतो, पडल्यावर उठतो, हे वजनांच्या जागा बदलून पाहण्यात आले. असा प्रयोग खोलीत बसून करता येत नाही, आणि चंद्रावर जाऊन करायचा म्हटले तर फार उशीर झालेला असतो. जून २०१२ च्या १६ व्या मोहिमेचा विषय लघुग्रह होता, जिथे पाय टेकवायलाही पुरेसे गुरुत्व नाही. तिच्या चमूत ब्रिटनचे टिम पीक आणि जपानचे किमिया युई यांच्याबरोबर मंगळावरच्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या रोव्हरांचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स हेही होते. भूशास्त्रज्ञाने स्वतः त्या जागी असावे आणि अंतराळवीराने त्याच्या डोळ्यांनी दगड पाहायला शिकावे, ही रचना मला फार मोलाची वाटते.

त्याच मोहिमेत जमिनीशी होणाऱ्या संभाषणात एका बाजूने ५० सेकंदांचा विलंब मुद्दाम घालण्यात आला होता. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर १०० सेकंदांच्या आत येणेच शक्य नाही. इतक्या विलंबात नेहमीचे संभाषण मोडून पडते, कारण माणूस उत्तर आले नाही म्हणून प्रश्न पुन्हा विचारतो, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर येऊन आदळते. मग हळूहळू सवय बदलते. प्रश्न गोळा करून एकत्र पाठवले जातात, उत्तर येईपर्यंत करायचे दुसरे काम हाताशी ठेवले जाते, आणि बारीकसारीक निर्णय चमू स्वतः घेऊ लागतो. मंगळाला एका बाजूचा विलंब ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे असतो. तिथे नियंत्रण कक्षाकडे तोंड करून उभे राहण्याची सवय घातक ठरेल.

वैद्यकीय प्रयोग हा या मालिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. ऑक्टोबर २००४ च्या सातव्या मोहिमेत कॅनडातील हॅमिल्टन शहरात बसलेले शल्यविशारद मेहरान अनवरी यांनी समुद्रतळावरच्या चमूला प्रतिकृतींवर शस्त्रक्रियेचे मार्गदर्शन केले. एप्रिल २००६ च्या नवव्या मोहिमेत, जी १८ दिवस चालली आणि मालिकेतली सर्वांत दीर्घ ठरली, छोट्या शस्त्रक्रिया-यंत्रमानवांना दुरून चालवून पाहण्यात आले, आणि चंद्रापर्यंतच्या संदेशाला लागतो तसा विलंबही त्यात घातला गेला. त्या मोहिमेचे नेतृत्व कॅनडाचे अंतराळवीर आणि स्वतः डॉक्टर असलेले डेव्ह विल्यम्स यांच्याकडे होते. तळावरच्या रुग्णाला १६ तास वर नेता येत नाही, ही गोष्ट ज्या खोलीत खरी आहे, त्याच खोलीत दूरस्थ शस्त्रक्रियेचा सराव करण्याला जो अर्थ आहे, तो शहरातल्या प्रयोगशाळेत येणार नाही.

आपल्याकडे सर्वांना परिचित असलेल्या सुनीता विल्यम्स मे २००२ मध्ये दुसऱ्या नीमो मोहिमेत या निवासात नऊ दिवस राहिल्या होत्या. त्यांचे पहिले अंतराळ उड्डाण त्यानंतर साडेचार वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये झाले. जून २०२४ मध्ये सुमारे आठवड्याभरासाठी म्हणून स्थानकावर गेलेल्या विल्यम्स २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या. त्या संयमाचे श्रेय नऊ दिवसांच्या समुद्रवासाला देणे अतिशयोक्तीचे होईल. नौदलातली वर्षे आणि आधीची दोन दीर्घ उड्डाणे त्यांच्या पाठीशी होती. पण निवडीच्या आणि घडणीच्या सुरुवातीच्या काळात अंतराळवीराला अशा जागी ठेवून पाहण्याचे शहाणपण त्या उदाहरणातून दिसते. हेल्मेटमध्ये पाणी साचून २०१३ च्या स्पेसवॉकमध्ये जिवावरच्या प्रसंगातून सुटलेले इटलीचे लुका पारमितानो यांनी २०१५ मध्ये विसाव्या मोहिमेचे नेतृत्व केले. चंद्राभोवतीच्या आर्टेमिस-२ मोहिमेसाठी नेमलेले रीड वाइजमन आणि जेरेमी हॅन्सन हे दोघेही या निवासात राहून आलेले आहेत.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली, मुदत. सर्वांत लांब मोहीमही १८ दिवसांची. इतक्या काळात थकवा येतो, चिडचिड होते, पण कंटाळा खोलवर मुरत नाही, सहकाऱ्याच्या चमचा वाजवण्याचा राग येण्याइतके महिने उलटत नाहीत. शिवाय खिडकीबाहेर प्रवाळ, माशांचे थवे आणि दिवसागणिक बदलणारा प्रकाश असतो. सौंदर्य इतके आहे, की एकसुरीपणाची परीक्षा तिथे होतच नाही. दुसरी उणीव म्हणजे सहांपैकी दोघे निवासाचे तंत्रज्ञ असतात आणि जीवनरक्षक यंत्रणा तेच सांभाळतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही मंगळाच्या वाटेवर हवा शुद्ध करणारे यंत्र बिघडले तर ते अंतराळवीरालाच उघडावे लागणार आहे, आणि तो ताण इथे चमूच्या वाट्याला पूर्णपणे येत नाही. तिसरी, पाण्याचा अवरोध. पाण्यात सैल सुटलेली वस्तू लवकरच थांबते, अंतराळात ती थांबत नाही; त्यामुळे जड वस्तू हाताळण्याची चुकीची सवय लागू शकते, आणि ती नंतर मोडून काढावी लागते. वाढलेल्या दाबात घेतलेली शरीराची मोजमापे भारहीनतेला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे हे परीक्षकाचे कर्तव्य आहे. मे २००९ मध्ये या निवासाच्या परिसरात काम करताना एका अनुभवी पाणबुड्याचा मृत्यू झाला. ती नीमोची मोहीम नव्हती. बाहेर काम चालू असताना त्याच्या श्वसनसंचातील विद्युत यंत्रणा बंद पडली होती. खरा धोका हा ज्या प्रशिक्षणाचा पाया आहे, तिथे सुरक्षेची जबाबदारी किती मोठी असते याची ही कठोर नोंद आहे, आणि या सेवेची स्तुती करताना ती झाकून ठेवणे अप्रामाणिक होईल. हवामानाचा भरवसा तर नाहीच. ऑक्टोबर २०११ ची पंधरावी मोहीम रिना चक्रीवादळामुळे मध्येच गुंडाळावी लागली. दाब उतरवायलाच १६-१७ तास लागत असल्यामुळे वादळ दिसल्यावर निघू असे इथे म्हणता येत नाही, अंदाजावर विसंबून आधीच निघावे लागते. २०१७ च्या अर्मा वादळात वीज आणि हवा पुरवणारा बोयाच साखळ्या तोडून वाहून गेला आणि दूरवर सापडला. जून २०१९ नंतर नीमोची पुढची मोहीम झालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इतर सेवांशी तुलना करताना अ‍ॅक्वेरियसच्या सर्वांत जवळ येते ती युरोपीय अंतराळ संस्थेची ‘केव्ह्ज’ ही मोहीम. २०११ पासून काही वर्षे इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सा ग्रुत्ता या गुहेत विविध देशांच्या पाच-सहा अंतराळवीरांना जमिनीखाली सहा रात्री ठेवले जात असे. दोरावर सरकताना दुसरा आकडा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही, हा गुहेतला नियम स्पेसवॉकच्या दोरीचाही नियम आहे. तिथल्या शास्त्रीय कामाला लुटुपुटूचे म्हणता येत नाही. अंतराळवीरांनी गोळा केलेल्या नमुन्यांतून गुहेत राहणाऱ्या एका लहानशा कवचधारी प्राण्याची नवी प्रजाती सापडली. २०१६ च्या तुकडीत चीनचे ये ग्वांगफू, रशियाचे सर्गेई कोर्साकोव्ह आणि अमेरिकेच्या जेसिका मीर एकत्र होते, आणि राजकारणाने वेगळे ठेवलेल्या लोकांना एका दोरावर आणण्याचे हे काम मला त्या गुहेचे खास वैशिष्ट्य वाटते.

एकसुरीपणाची परीक्षा हवी असेल तर अंटार्क्टिकावरच्या कॉन्कॉर्डिया केंद्राला पर्याय नाही. फ्रान्स आणि इटली मिळून चालवत असलेले हे केंद्र ३,२३३ मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरते, तीन-चार महिने सूर्य उगवत नाही आणि फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात कुणालाही आत-बाहेर करता येत नाही. युरोपीय अंतराळ संस्था दरवर्षी तिथे एक डॉक्टर पाठवते आणि मुक्कामी राहिलेल्या डझनभर लोकांच्या झोपेचा, मनःस्थितीचा, प्रतिकारशक्तीचा अभ्यास करते. पण तिथले लोक मुळात केंद्राच्या कामासाठी आलेले असतात. अंतराळवीरांना तयार करण्याची जागा म्हणून ती क्वचितच वापरली जाते, कारण उड्डाणाच्या तयारीतून एक अख्खे वर्ष काढून देणे कुणालाच परवडत नाही.

हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर असलेले हाय-सीज केंद्र दिसायला मंगळाच्या फार जवळचे आहे आणि तिथे २०१५-१६ मध्ये सहा जणांनी वर्षभर राहून दाखवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये मात्र तिथली एक मोहीम सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले असताना एका सदस्याला विजेचा धक्का बसला, रुग्णवाहिका बोलावावी लागली आणि मोहीम रद्द झाली. रुग्णवाहिका बोलावली हे योग्यच झाले. पण ती बोलावता येते, हेच त्या सेवेचे मर्यादाक्षेत्र आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातले मार्स सोसायटीचे वाळवंटी केंद्र, जिथे विद्यार्थी आणि हौशी संशोधक साधारण दोन आठवडे राहतात, त्याच्याबद्दलही माझे मत असेच आहे. पोशाखात खरा दाब नसतो, एअरलॉकमधली, म्हणजे आत-बाहेर जाण्याच्या दुहेरी दारांच्या खोलीतली, काही मिनिटांची प्रतीक्षा केवळ नियम म्हणून पाळायची असते. अहवाल लिहिणे, पाणी जपून वापरणे, सहा जणांत कामे वाटून घेणे यांचे शिक्षण तिथे चांगले मिळते, आणि तरुणांसाठी ते उपयुक्तच आहे. भीतीवर ताबा ठेवण्याचे शिक्षण तिथे मिळणार नाही.

भारतात या क्षेत्राची सुरुवात नुकतीच झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या मानवी अंतराळ उड्डाण केंद्राने आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी यांच्याबरोबर लेह येथे पहिली अनुरूप मोहीम, म्हणजे अंतराळातल्या मुक्कामाची पृथ्वीवरच केलेली तालीम, सुरू केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरच्या त्सो कार सरोवराजवळ प्रोटोप्लॅनेट या कंपनीने उभारलेल्या ‘होप’ निवासात दोघांचा चमू दहा दिवस राहिला. तिथली विरळ हवा आणि थंडी खरी आहे, शरीर तिला फसवू शकत नाही, म्हणून केवळ दिखाव्याच्या केंद्रांपेक्षा मी तिला वरच्या पायरीवर ठेवतो. परंतु तिथून रस्त्याने निघून जाता येते. ज्याला खरोखर बंद दार म्हणावे असे ठिकाण आपल्याकडे दशकांपासून आहे : अंटार्क्टिकावरची मैत्री आणि २०१२ पासूनची भारती ही केंद्रे, जी गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्र चालवते आणि जिथे आपली माणसे दरवर्षी संपूर्ण हिवाळा काढतात. गगनयानानंतरच्या दीर्घ मोहिमांसाठी निवड होईल तेव्हा इच्छुकांपैकी काहींनी तरी तिथला एक हिवाळा काढलेला असावा असे मला वाटते. दगड वाचायला शिकवण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर आहेच. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि चंद्रावर पाय ठेवणाऱ्याला आधी तिथे हातोडी घेऊन फिरवणे अवघड नाही.

एखाद्या अंतराळ संस्थेला स्पेसवॉक करणाऱ्या चार जणांचा चमू दोन-तीन आठवड्यांत घडवायचा असेल, तर उणिवा जमेस धरूनही मी अ‍ॅक्वेरियसची शिफारस सर्वांत आधी करीन, आणि लांब प्रवासाच्या मानसिक तयारीसाठी तिच्यावर विसंबू नका असेही सांगेन. स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या खासगी अनुरूप-मोहिमेच्या शिबिराला पाठवू पाहणाऱ्या पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : आजारी पडल्यास सहभागीला रुग्णालयात पोहोचवायला किती वेळ लागेल आणि कोण पोहोचवेल, यंत्रणा बिघडल्यास ती चमू दुरुस्त करतो की बाहेरचा माणूस येतो, आणि शिबिरात घेतलेल्या नोंदींचा उपयोग कोणती संस्था कशासाठी करते. पहिल्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर न देणाऱ्या आयोजकाकडे, त्याची छायाचित्रे कितीही लाल असोत, कुणालाही पाठवू नये.